आबांचा लाभांश

इस्माईल मुलाणी माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या आधी मासळीचा वास जिना चढून वर आला. बारामतीत स्टेशनरीच्या एका दुकानाच्या माथ्यावर माझं आयकराची विवरणपत्रं भरून देण्याचं छोटं ऑफिस आहे. तिथे वास आलाच तर समोरच्या गाड्यावरच्या वड्यांचा येतो. मी चष्मा वर करून पाहिलं, तर दारात पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि डोक्याला विणलेली टोपी घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. "मॅडम, चिलापी हाय. सकाळचीच धरणातनं निघालीय," असं म्हणत त्यांनी ती पिशवी थेट माझ्या फायलींवर ठेवायला हात पुढे केला.

मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला, की मीच काही अपराध केल्यासारखं मला वाटलं. ती पिशवी शेवटी माझ्या मदतनीस सुनंदाबाई घरी घेऊन गेल्या. पुढच्या खेपेपासून मात्र माझ्यासाठी पेरू नाहीतर डाळिंबं आणि सुनंदाबाईंसाठी मासळी, असा दुहेरी आहेर यायला लागला. "रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जाऊ न्हाय," असं ते म्हणायचे. माझी फी द्यायला मात्र ते हमखास विसरायचे, आणि ती मागायचं मी विसरायचे. त्यांना जाऊन आता वर्ष उलटून गेलं, तरी बाजारात पेरूंच्या पाटीपाशी माझे पाय जरा रेंगाळतात.

सगळं भिगवण त्यांना आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांची मासळीची आडत होती. धरणाच्या फुगवट्यावर जाळी टाकणारे कोळी सकाळी मासळी घेऊन यायचे आणि आबा तिचा लिलाव करून द्यायचे. उभी हयात त्यांनी ओरडण्यात घालवली होती. त्यामुळे साधी गोष्टही ते लिलावाच्या चालीवर बोलायचे. सुरुवात खालच्या पट्टीत, मग आवाज चढत जायचा आणि शेवटचा शब्द दाणकन खाली यायचा. "मॅडम, चहा घेऊ, चहा घेऊ, चहा घेऊ का बिनसाखरेचा," असं त्यांनी विचारलं की खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं वर बघायची.

या आवाजापायी एकदा मोठी पंचाईत झाली. त्यांचं शेअरचं खातं उघडताना फोनवर ओटीपी आला. मी विचारायच्या आत आबांनी तो अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असा तीनदा पुकारला. रांगेत बसलेल्या चौघांनी तो ऐकला, आणि त्यातल्या एकाने सवयीने "अजून थोडं चढवा की आबा" म्हटलं. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, असं मी त्यांना दटावलं. ते गंभीर झाले आणि पुढच्या वेळेस कानाशी येऊन पुटपुटले. तेही जिन्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

त्यांच्या आडतीबद्दल भिगवणात अजून एक गोष्ट सांगतात. धरणात बारीक जाळी टाकून बोटाएवढी पिल्लं धरणारे लोक आहेत. अशा पिल्लांची पाटी आबांच्या ओट्यावर कुणी ठेवली, की ते तिचा लिलाव करायचे नाहीत. एकदा एका वजनदार पुढाऱ्याच्या पुतण्याने तशी पाटी आणली. आबा तोंड उघडेनात. तो चिडला, शिव्या द्यायला लागला, आणि आबा त्या पाटीसमोर हाताची घडी घालून सकाळभर मुके उभे राहिले. त्या पाटीमागे लागलेली सगळ्यांची मासळी त्या दिवशी खोळंबली. लोक वैतागले, पण पुन्हा तशी पाटी त्या ओट्यावर आली नाही.

वय पंच्याहत्तरीच्या पुढे गेलं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी आडत विकली. घेणारा माणूस चांगला होता. आबांनी रोज यावं, बसावं, असं तो मनापासून म्हणाला होता. आबा जायचेही. मागे उभे राहायचे. पण लिलाव रंगात आला की यांच्याही तोंडून भाव निघून जायचा आणि गिऱ्हाइकांना कुणाचं ऐकावं ते कळेनासं व्हायचं. एक दिवस त्या नव्या मालकाने हात जोडून सांगितलं, आबा, तुम्ही आपले टपरीवर बसत जा, चहा तिकडेच पाठवतो. त्यात वावगं काहीच नव्हतं. आबांनी चहा घेतला, मालकाच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यानंतर ते बाजाराकडे फिरकले नाहीत. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

बायको रशीदाबी आधीच गेलेली होती. एकुलती एक मुलगी शमीम पुण्यात. म्हणजे सकाळी उठून ज्याच्यावर ओरडावं असं आता घरात कुणी नव्हतं आणि बाहेरही नव्हतं. स्वयंपाक ते स्वतः करायचे. त्याबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "एका माणसापुरतं कालवण करता येत न्हाय मॅडम. कितीबी कमी टाका, दोघांचं हुतं."

शमीम भली पोर. दर महिन्याला फोन करून म्हणायची, अब्बा, आता घर विका आणि इकडे या. तिचं म्हणणं साधं होतं. आडतीचे पैसे बसून खाल्ले तर संपतील, महिन्याला येणारं असं काही नाही, मग उद्या आजारपण आलं तर काय? आबांना पुण्याला जायचं नव्हतं. तिच्या दोन खोल्यांच्या घरात सासू होती, दहावीतली मुलगी होती, आणि आबांच्या म्हणण्याप्रमाणे तिथे मोठ्याने शिंकलं तरी शेजारी दार उघडून बघायचे. शेवटी बापलेकीत बोलणं ठरलं. आबांनी नेमाने येणारी मिळकत उभी करून दाखवली तर शमीम हट्ट सोडणार, नाहीतर आबा घर विकून पुण्याला जाणार. माझ्याकडे ते या कामासाठी आले होते. "शमीमला दावायचंय," एवढंच त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं.

दुसरं कुणी असतं तर मी बँकेत ठेव ठेवायला सांगून पाच मिनिटांत वाटेला लावलं असतं. पण आबा व्याज घेत नसत. आईने लहानपणी घातलेली शपथ होती आणि ती त्यांनी आडतीतही पाळली होती. बचत खात्यावर जे व्याज आपोआप चढायचं, तेही दर वर्षी काढून ते एका दवाखान्यात गरिबांच्या औषधांसाठी देत. त्यामुळे ठेव बाद, पोस्टाची योजना बाद, ज्येष्ठांसाठीचं जे जे काही सरकारने काढलंय ते सगळं बाद. धंद्यातल्या नफ्याचा वाटा मात्र त्यांना चालत होता. मी त्यांना म्हटलं, मी काही गुंतवणुकीची सल्लागार नाही, पण नेमाने लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे शेअर एकत्र बांधलेले ईटीएफ असतात, ते बघू. एक युनिट घेतलं की पन्नासेक कंपन्यांचा थोडा थोडा वाटा आपल्याकडे येतो आणि बाजारात ते शेअरसारखं घेता विकता येतं.

"म्हंजे मिसळ पाटी," आबा म्हणाले. एकाच जातीची मासळी नसली की सगळी मिळून एक पाटी लिलावात लावतात, तिला त्यांच्याकडे तसं म्हणत. मी म्हटलं, तसंच समजा.

मग चार बैठका झाल्या. मी संगणकावर तीन-चार फंड काढले आणि आबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्यांचं पहिलं विचारणं, यात आडत किती कापतात? फंड चालवणाऱ्याचा खर्च मी दाखवला, तेव्हा तो इतका कमी कसा यावरच त्यांचा विश्वास बसेना. दुसरं, विकायला काढलं तर गिऱ्हाईक असतं का? हे त्यांनी विचारलं याचं मला बरं वाटलं, कारण काही ईटीएफांची बाजारात रोजची उलाढाल अगदी किरकोळ असते आणि विकायच्या वेळेला धड भाव मिळत नाही. तसले दोन आम्ही लगेच खोडले. राहिलेल्या दोहोंपैकी एकाच्या कंपन्यांचा लाभांश भावाच्या मानाने फारच घसघशीत दिसत होता. आबा त्याच्यावर भाळले. मी त्यांना समजावलं, की शेअरचा भाव कोसळला की तोच जुना लाभांश टक्केवारीत मोठा दिसतो, तेव्हा नुसत्या टक्क्याला भुलू नका, धंदा कसा चाललाय ते बघा. त्यांनी पडद्यावरची कंपन्यांची नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, शिळी मासळीपण बर्फातनं काढली की अशीच चमकते, कल्ला उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. त्या दिवसापासून फंडातल्या कंपन्यांची यादी वाचण्याला ते कल्ला बघणं म्हणायला लागले, आणि माझ्याही तोंडात ते बसलं.

कल्ला बघता बघता त्यांना दुसऱ्या फंडाच्या यादीत सिगारेटची कंपनी सापडली. हे चालणार नाही म्हणाले. तुम्ही तर दिवसाला बंडलभर बिडी ओढता, असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. ओढणं वेगळं, त्यातनं कमावणं वेगळं, असं त्यांचं उत्तर होतं. कर्ज देणाऱ्याही काही कंपन्या त्यात होत्या. शेवटी त्यांनी आपल्याच डोक्याने तोड काढली. त्या कंपन्यांच्या वाट्याचं जे काही येईल, ते त्या दवाखान्यात द्यायचं. मला दर वेळी तेवढा हिशेब करून द्यावा लागणार होता. मी कपाळाला हात लावला आणि हो म्हटलं.

खरेदी झाली. आता फोनवरही काम भागलं असतं. पण आबा येत राहिले. एसटी त्यांना फुकट होती, आणि भिगवणहून बारामतीला यायला कारण लागतंच असं नाही. तरी ते कारण घेऊन यायचे. भाव बघायचाय, आधार कार्डाची झेरॉक्स काढायचीय, फोनचा आवाज बारीक झालाय. आले की कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, आणि त्यांची पाळी आली की मागच्या माणसाला म्हणायचे, "तुमी जावा पुढं. मला घाई न्हाय." असं करत सगळे संपायचे. मग मी डबा उघडायचे आणि आबा तेव्हा खिडकीतून खाली बघत बसायचे. मला कधी कधी राग यायचा. कामाच्या गर्दीत एक माणूस नुसताच बसून आहे म्हटलं की जीव गुदमरतो. पण जेवायला बसताना मी त्यांच्यापुढे पोळीभाजी सरकवायचेच.

दसरा झाला तसा त्यांनी एक नवा प्रश्न काढला. सभेचं पत्र कसं आलं नाही? मला आधी काही कळेना. मग उलगडा झाला. अंथुर्ण्याला वडिलांच्या वाटणीची एकरभर उसाची जमीन होती. ती पुतणे कसायचे, पण साखर कारखान्याचं सभासदत्व आबांच्या नावावर होतं. सभासद म्हटला की त्याला वार्षिक सभेचं बोलावणं येतं, दिवाळीला स्वस्तातली साखर मिळते, लाभांश जाहीर होतो. आबा सभेला कडक इस्त्रीचा सदरा घालून जायचे आणि माईक नसताना मागून विचारायचे, "चेरमनसाहेब, लाभांश किती?" अख्खा मंडप हसायचा आणि वळून बघायचा. वर्षातून एकदा सगळ्या मंडपाने आपल्याकडे बघावं, हे त्यांना आवडत असावं. ईटीएफ घेतला म्हणजे आपण पन्नास कंपन्यांचे सभासद झालो, तेव्हा सभा तर होणारच, असं त्यांनी धरलं होतं.

सभा नसते, हे मी सांगितलं. ते त्यांनी मानलं. दुसरी गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात तशीच राहिली, आणि ती मी खरेदीच्या दिवशीच नीट सांगितलेली होती. आम्ही घेतलेल्या फंडात लाभांश हातात येत नाही. कंपन्या फंडाला देतात, फंड त्यातून पुन्हा शेअर घेतो आणि युनिटचा भाव तेवढा वर जातो. खर्चाला लागतील तसे पैसे आपण त्यातून काढून घ्यायचे. आबांनी तेव्हा मान डोलावली होती. पण कारखानाही वर्षभर सगळं आत ठेवतो आणि दिवाळीला काढतो, हे त्यांना ठाऊक होतं. मॅडम म्हणतात ते आत ठेवतात म्हणून, तर ठेवू देत, दिवाळीला काढतीलच. ऊसपट्ट्यात जन्म काढलेल्या माणसाला यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. त्यांनी शमीमला सांगून टाकलं, दिवाळीला पैसे येतायत, बघायला ये.

दिवाळीच्या सुट्टीत ती नवऱ्याला आणि मुलांना घेऊन आली. चार दिवस राहिली. निघताना तिने जावयासमोर विचारलं, अब्बा, आले का? आबा म्हणाले, बँकेला सुट्टी आहे.

त्या आठवड्यात ते माझ्याकडे आले तेव्हा हातात काहीच नव्हतं, पेरू नाहीत, मासळी नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं. या वेळी कागदावर काढून सांगितलं. युनिटचा भाव खरेदीपेक्षा बराच वर गेलेला होता, तोही दाखवला. आबांनी कागद लांब धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"म्हंजे कमवत्यात, पण देत न्हाईत."

मी म्हटलं, वाढवतात आबा. तुमचेच वाढतायत.

"वाढून कुणाला, मॅडम? माझं वय काय, हे कुणी सांगितलं न्हाय का त्येस्नी?"

उपाय होता. दर तिमाहीला थोडी युनिटं विकायची आणि ते पैसे खर्चाला घ्यायचे. वाढलेल्यातलं काढायचं, मूळ होईल तितकं तसंच ठेवायचं. हे ऐकून आबा उठून उभेच राहिले. विकणं हा शब्दच त्यांना सोसेना. आडत विकली ती विकली, आता उरलंय त्याला हात लावणार नाही, असं म्हणून ते जिना उतरून गेले. पुढे कित्येक आठवडे आले नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर लोक फायली ठेवायला लागले. सुनंदाबाईंनी दोनदा विचारलं, आबांचा फोन नाही का हो आला. मीच फोन केला तर म्हणाले, बरं आहे, पुण्याला जायचं म्हणतोय, घराला गिऱ्हाईक बघतोय. बोलताना आवाज चढला नाही आणि पडलाही नाही, आणि फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटलं.

उन्हं तापायला लागली तेव्हा एक दिवस जिन्यात वास आला. आबा वर आले, सुनंदाबाईंच्या हातात पिशवी दिली, आणि बसायच्या आधीच बोलायला लागले. परवा ते धरणाकडे गेले होते. एक ओळखीचा कोळी जाळं सुकवत बसला होता. मोठ्या भोकाचं जाळं. त्यांच्या मनात आलं, आपण जन्मभर लोकांना काय सांगितलं? पिल्लं धरू नका, मोठ्या भोकाचं जाळं टाका, वाढलेली मासळी तेवढी धरा. मासळी धरूच नका असं तर आपण कधी म्हटलं नाही. धरलीच नाही तर कोळी खाणार काय? "तुमचं इकायचं म्हंजे तसंच न्हवं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, अगदी तसंच. बाजार पडलेला असला तर त्या तिमाहीला भोक अजून मोठं करायचं, म्हणजे कमी विकायचं. ते खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहा मागितला. आवाज पुन्हा चालीवर आला होता.

पहिली विक्री त्यांनी माझ्यासमोर, स्वतःच्या बोटाने केली. पैसे दोन दिवसांनी खात्यात आले तेव्हा फोन करून लिलावाच्या चालीत सांगितलं. पुढच्या तिमाहीला माझी मदत न घेता घरूनच केली. दवाखान्याचा वाटा बाजूला काढून गॅस, वीज, औषधं आणि वरखर्च भागून थोडंफार उरत होतं. आकडा मोठा नव्हता, पण भिगवणला घर स्वतःचं असलेल्या एकट्या माणसाला पुरेसा होता. मग त्यांनी शमीमला बोलावलं. आणि मलाही. माझं ती ऐकत नाही, तुम्ही समजावून सांगा, म्हणाले.

मी गेले. शमीम, जावई आणि मुलं सकाळीच आली होती. आबांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी आणि भाकरी केली होती. ताटं वाढायच्या आधी त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन पातेलं दाखवलं. ते नवं कोरं होतं, माझ्यासाठी आणलेलं, मासळी न लागलेलं. जेवण झाल्यावर मी शमीमला सगळं दाखवलं. किती ठेवलेत, कशात ठेवलेत, तिमाहीला किती काढतात, बाजार पडला तर काय करायचं, आजारपणासाठी वेगळे किती ठेवलेत. तिने नेमके प्रश्न विचारले. हिशेबाची पोर, एका शाळेच्या ऑफिसात काम करणारी. आबा दारापाशी बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला त्यांचा निकाल लागायची वाट बघणारा चेहरा आठवतो.

शमीमने माझा हात धरला आणि म्हणाली, माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरवलंत मॅडम. मग आबांजवळ जाऊन बसली. "राहा अब्बा, तुमच्या मनासारखं. मी आता पुन्हा मागं लागणार नाही." ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. आबाही हसले. तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. दुपार कलायच्या आधी मंडळी गाडीत बसून पुण्याला गेली. मुलांनी काचेतून हात हलवले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. दर तिमाहीला विक्री झाली की त्यांचा फोन यायचा, काम जमलं म्हणून सांगायचे. बारामतीला यायला आता कारण उरलं नव्हतं, आणि मी या असं म्हटलं की येतो म्हणायचे. ते गेले ते झोपेतच, थंडीच्या दिवसांत. शेजाऱ्यांनी शमीमला कळवलं, शमीमने मला.

म्हणून माझ्यापाशी आबांचं शेवटचं दिसणं आहे ते त्याच दिवसाचं. शमीमची गाडी गेल्यावर ते मला सोडायला भिगवणच्या स्टॅंडवर आले. बारामतीची एसटी लागलेली होती. मी निघाले तर म्हणाले, ही गर्दीची आहे, मागची रिकामी येते. मागची आली, ती खरोखरच रिकामी होती. तर म्हणाले, हिचा ड्रायव्हर गाडी फार पळवतो. मी त्यांच्याबरोबर बाकावर बसून राहिले. तीही गाडी निघून गेली.

"तिनं अजून एकदा म्हणलं असतं," ते म्हणाले, "तर गेलो असतो."

हे त्यांनी अगदी हळू म्हटलं. इतका हळू आवाज त्यांना काढता येतो हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आबा, तुम्ही फोन करा ना तिला. येतो म्हणा. ती नाही म्हणणार आहे का?

"न्हाय, न्हाय. लई दिसांनी पोरीचा जीव हलका झालाय. आणि जितलोय तर मीच न्हवं?"

तिसरी गाडी आली. आता मलाही थांबता येत नव्हतं. मी चढले, तसा खालून आबांचा आवाज आला, कंडक्टरला, मॅडमना खिडकी द्या म्हणून सांगणारा. सगळ्या स्टॅंडने वळून बघितलं. मला खिडकी मिळाली. गाडी वळण घेऊन बाहेर पडत होती, मी हात करायला मागे वळून पाहिलं. आता ते घराकडे निघतील असं मला वाटलं होतं. पण आबा पुन्हा त्याच बाकावर बसले होते. एक बाई गाठोडं घेऊन आली, तिला जागा द्यायला ते थोडे सरकले आणि पाय आत घेतले. मग इतर उतारूंसारखी मान वळवून ते पुण्याकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघायला लागले.